एखाद्या उद्योगाची खात्रीची माहिती नेमकी कुठे शोधायची?

तुम्ही म्हणता, पादत्राणांच्या उद्योगाचा अभ्यास करायचाय, पण शोधायला गेलं की महागड्या ‘बाजार अहवालां’च्या जाहिरातीच समोर येतात. ते अहवाल तूर्त बाजूला ठेवा. त्यांच्या फुकट सारांशातले वाढीचे आकडे कुठून आले, हे बहुधा लिहिलेलंच नसतं. खोटं लिहिलं तर ज्याच्या अंगाशी येईल, त्याचं लिखाण मी आधी वाचतो.

म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांची कागदपत्रं ‘एडगर’ या तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ‘टेन-के’ या वार्षिक अहवालातले ‘व्यवसाय’ आणि ‘जोखीम’ हे भाग बघा: स्पर्धक कोण, कच्चा माल कुठून येतो, एकाच गिऱ्हाइकावर भिस्त आहे का. जोखमीचा भाग अर्धाअधिक वकिली पाल्हाळच असतो, म्हणून लागोपाठच्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून कुठलं वाक्य नवं आलंय तेवढं शोधायचं. त्याहून उपयोगी म्हणजे पहिल्यांदाच शेअर विकायला आलेल्या कंपनीचं माहितीपत्रक. नवख्या गुंतवणूकदारासाठी त्यात बऱ्याचदा सगळा धंदा मुळापासून उलगडून सांगितलेला असतो.

खासगी कंपन्यांचं अवघड असतं. ब्रिटनच्या ‘कंपनीज हाउस’ या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांचेही हिशेब फुकट दिसतात, पण छोट्या कंपन्या ते थोडक्यात उरकतात. इतरत्र पेटंट, कोर्टाचे निकाल आणि नोकरीच्या जाहिराती चाळा.

आकड्यांसाठी मात्र आधी त्या उद्योगाचा संकेतांक, म्हणजे वर्गीकरणातला ठरावीक क्रमांक शोधा, नाहीतर नुसत्या शब्दांनी शोधत बसाल. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयसिक’ या उद्योगांच्या वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत पादत्राणांचं उत्पादन १५२० खाली येतं. आयात-निर्यातीसाठी एचएस कोडचं, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गीकरणाचं ६४ वं प्रकरण. या कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. हा कोड घेऊन ‘यूएन कॉमट्रेड’ या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारी आकड्यांच्या डेटाबेसवर जा. तिथे एका देशाची निर्यात आणि समोरच्या देशाची आयात जुळली नाही तर गोंधळू नका. आयातीत सहसा वाहतुकीचं भाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीत नसतो. शिवाय काही माल तिसऱ्याच देशातून फिरून येतो.

उद्योग संघटनांचे आकडे जरूर घ्या, पण त्यांना सरकारकडून काही ना काही हवं असतं, हे ध्यानात ठेवून. आणि महागडे अहवाल लागलेच, तर विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा. पैसे भरून घेतलेले डेटाबेस काही ग्रंथालयांत बाहेरच्यांनाही तिथे बसून वाचू देतात.