पोलोला स्पेसर: मामांचं लेथ आणि माझे बदनापूरचे बोल्ट

भाऊ, तुझ्या पोलो जीटीचे टायर मडगार्डच्या फार आत दिसतात, म्हणून पुढे १५ आणि मागे २० मिमीचे स्पेसर, म्हणजे हब (चाक जिथे बसतं तो भाग) आणि रिममध्ये घालायच्या चकत्या, टाकायचेत. वाळूजचे मामा लेथवर ॲल्युमिनियमचे करून देतो म्हणतात. आधी मामांचंच बोलतो.

त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. मी स्वतः चिकलठाण्यात टर्निंगवर बारा वर्षं काढलीत, म्हणूनच नको म्हणतो. चकती कुणीही कातेल. पण दोन्ही फेस (सपाट बाजू) समांतर, आतलं बोअर (भोक) हबवर घट्ट सरकणारं आणि रिम बसायचा बाहेरचा कॉलर (उंच कडा) नेमका त्याच केंद्रावर हवा. जॉब उलटा धरला की थोडा तरी रनआऊट, म्हणजे केंद्र सोडून फिरणं, येतोच, आणि तेवढाच स्टिअरिंगमध्ये जाणवतो. वर तो रॉड कुठल्या ग्रेडचा हे भंगारवाला सांगणार नाही. चांगले स्पेसर ६०६१-टी६ या ग्रेडच्या ॲल्युमिनियमचे असतात. तेच विकत घे.

माझा पहिला सेट 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून गळ्यात मारलेला. पोलोचा पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि सेंटर बोअर (मधलं भोक) ५७.१ मिमी. त्या चकतीचं भोक ७३ मिमीच्या आसपास, म्हणजे हबचा आधार शून्य, सगळा भार बोल्टांवर. दुकानदाराने बोल्टही जुनेच लावले. जालन्याला जाताना नव्वदच्या पुढे थरथर, आणि बदनापूरच्या अलीकडे डावीकडून टक्‌टक्‌. ढाब्यावर थांबून पाना लावला तर दोन बोल्ट बोटाच्या जोराने फिरले. काढून मोजलं, जेमतेम चार-पाच फेऱ्यांवर चाक उभं होतं. चहा घशाखाली उतरला नाही राव.

म्हणून बोल्टात काटकसर नको. पोलोचा बोल्ट एम१४ (१४ मिमी जाड), १.५ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात १.५ मिमी आत जाणारा. किमान नऊ-साडेनऊ फेरे आत गेले पाहिजेत. स्पेसर जेवढा जाड, मूळच्यापेक्षा तेवढाच बोल्ट जास्त लांब. कंपनीच्या रिमला डोक्याखाली गोल बुडाचा बोल्ट लागतो, बाहेरच्या रिमला बहुधा शंकूसारखा. बूड चुकलं तर टॉर्क कितीही दे, बैठक खोटीच.

जाडी फोटो बघून ठरवू नको. सपाट जागी मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोड आणि टायरच्या वरच्या भागापर्यंतचं अंतर मोज. मग मागे तिघं बसव, डिकी भर आणि एखाद्या गतिरोधकावरून घे. टायर लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला) घासला तर जाडी कमी कर. माझ्या मते तुला पुढे १० आणि मागे १५ पुरे. पुढे जास्त ढकललं की बेअरिंगवर ताण येतो, आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमागे स्टिअरिंग ओढत जातं. पकड वाढेल म्हणून लावत असशील तर चांगल्या टायरात पैसे घाल. दिसण्यासाठी लावत असशील तर बिनधास्त लाव, मीही त्यासाठीच लावलेत.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ कर. ग्रीस फासू नको. १२० न्यूटन मीटरला टॉर्क पान्यानेच आवळ, टायरवाल्याच्या गनने नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास. विमा कंपनीला लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरशी हुज्जत घालत बसशील.

पावसाळ्यात शेतातून आल्यावर थरथर सुरू झाली तर आधी रिमच्या आतली काळी माती खरवड, मग स्पेसरला शिव्या घाल.

आणि मूळचे बोल्ट फेकू नको, पाच तरी डिकीत ठेव. कधी स्पेसर काढून स्टेपनी लावलीस आणि लांब बोल्ट तसेच आवळलेस, तर मागे ते ड्रमच्या आत ब्रेकच्या भागांना टेकतील. ओळंब्याचं माप आणि तुझ्या बोल्टच्या आट्यांची लांबी इथे टाक, किती लांबीचे घ्यायचे ते सांगतो.