सायकल खांद्यावर घ्यायची तयारी आहे ना?

प्रश्न: ताई, मी मूळचा सांगलीचा, दोन वर्षांपासून लीड्समध्ये नोकरीला आहे. वय 31, त्यामुळे मला अरेतुरे केलंत तरी चालेल. माझ्याकडे हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक आहे. 29 इंची चाकं, 2.25 इंची टायर, पुढे सस्पेन्शन फोर्क. ऑफिसातला एक जण हिवाळ्यात दर रविवारी सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे गवत-चिखलातून आखलेल्या मार्गावर फेऱ्या मारायच्या शर्यतीला जातो आणि मलाही चल म्हणतो. तिथे मात्र बहुतेकांकडे वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली असतात. माझी चालेल का, की आधी हजारभर पौंड घालून क्रॉसची सायकल घेऊ? आणि लोक हसतील का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर: चालेल. हजार पौंड आहेत तिथेच राहू देत.

मी बावीस वर्षं यॉर्कशायरमध्ये आहे आणि त्यातली नऊ वर्षं क्रॉसच्या शर्यती करते आहे. पहिली तीन वर्षं माउंटन बाइकवरच काढली. तीसुद्धा नवऱ्याची जुनी, न्हाणीघरातल्या काट्यावर मोजली तर साडेतेरा किलो भरलेली. शेवटून तिसरी-चौथी यायचे. आता क्रॉसची सायकल आहे, साडेनऊ किलोची, आणि शेवटून सहावी-सातवी येते. हजार पौंडांचा हिशोब तूच मांड.

आधी नियमाचं बघू, म्हणजे डोक्याला घोर नको. जागतिक संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या शर्यतींत सरळ हँडल चालत नाही आणि टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. तुझा भरतो 57. पण ते वरच्या पातळीवरचं झालं. आपल्या रविवारच्या लीगमध्ये माउंटन बाइकवाले सर्रास असतात. नाव नोंदवताना त्या शर्यतीचे नियम तेवढे वाचून घे. आपल्याच भागातल्या एका शर्यतीत मात्र ही सायकल घेऊन जाऊ नकोस, ती म्हणजे 'थ्री पीक्स'. 1961 पासून चालू आहे, इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेन-इ-गेंट असे तीन डोंगर आणि साधारण 61 किलोमीटर. खरं तर माउंटन बाइक शोभावी अशी हीच शर्यत, आणि सरळ हँडलला मज्जाव तिथेच! इंग्रज माणूस परंपरेला धरून बसला की बसला.

तुझ्या लीड्सचाच टॉम पिडकॉक घे. माउंटन बाइकवर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, आणि 2022 मध्ये सायक्लोक्रॉसचा जगज्जेता. एका सायकलवर शिकलेलं दुसरीवर वाया जात नाही, एवढं त्यावरून धरून चाल.

आता सायकलकडे वळू. हँडलच्या टोकांना शिंगं बसवली असशील तर काढ. सुरुवातीच्या गर्दीत ती शेजारच्याच्या बरगडीत घुसतात, म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. टोकांची बुचं मात्र हवीतच. बाटली आणि तिचा पिंजराही काढ. पाऊण तासाच्या शर्यतीत पाणी पिणार कधी? एक हात मोकळा मिळत नाही. हवा रस्त्यावरच्या सवयीने भरू नकोस. ट्यूबलेस असेल तर पंपाच्या काट्यावर 20 पीएसआय दाबाच्या आसपास, ट्यूब असेल तर 25 च्या खाली नको, नाहीतर मुळावर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. फोर्कचं दबणं बंद करणारा लॉक असेल तर गवताच्या सपाट पट्ट्यावर लावायचा आणि उतारावर सोडायचा. मी सोडायला विसरते, दर वेळी.

हँडलच्या रुंदीचं सविस्तर सांगते, कारण त्यावरून माझी फजिती झालेली आहे. क्रॉसचा मार्ग खुंट ठोकून, त्यांना प्लास्टिकची फीत बांधून आखलेला असतो. मार्ग किमान तीन मीटर रुंद असावा असा नियम आहे, पण वळणावर सगळे आतल्या खुंटाला घासूनच जातात. माझं हँडल 760 मिलिमीटरचं. दुसऱ्याच शर्यतीत उजवं टोक फितीत अडकलं. फीत तुटायला तयार नाही, मीही थांबायला तयार नाही. पहिला खुंट उपटला, दुसरा उपटला, तिसरा माझ्या मागे नांगरासारखा येतोय, आणि मार्शल आजोबा शिट्टी फुंकत धावताहेत. वरात निघाली म्हण ना. घरी येऊन हँडल दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर कापलं. तू लगेच कापू नकोस, पण वळताना तुझी सायकल तुला वाटते त्याहून रुंद आहे हे लक्षात ठेव.

आणि आता खरी गोष्ट. क्रॉसमध्ये सायकल चालवायची तशी उचलायचीही असते. मार्गात दोन फळ्या असतात, 40 सेंटिमीटरपर्यंत उंच, एकमेकींपासून चार मीटरवर. शिवाय पायऱ्या, नाहीतर चिखलाचा एखादा चढ. तिथे तुझी सायकल तुला जड जाणार आहे, बाकी कुठे नाही.

उतरायचं डावीकडे, कारण चेन उजवीकडे. उजवा पाय मागून सीटवरून आण, क्षणभर डाव्या पेडलवर उभा राहा, डावा हात हँडलवर आणि उजवा आडव्या नळीवर. फळी दोन पावलांवर आली की खाली उतरून पळायला लाग, सायकल उचल, फळीपलीकडे टेकव, दुसऱ्या फळीला परत तेच. बसताना उडी मारून मांडीच्या आतल्या बाजूवर यायचं. सीटवर आदळायचं नाही, का ते एकदा आदळलास की कळेल. बागेत दोन लाकडं आडवी टाक आणि रोज संध्याकाळी वीस वेळा कर. शेजारीण पडद्याआडून बघेल, बघू दे.

मोठ्या चढावर क्रॉसवाले सांगाड्याच्या त्रिकोणात हात घालून सायकल खांद्यावर टाकतात. तुझा त्रिकोण लहान, वरची नळी उतरती, त्यामुळे हात अडकेल. मी नळीला धरून, सीटचं नाक पाठीमागे खांद्यावर अडकवून चढायचे. दिसायला गबाळं, पण चढ संपतो.

मला हे जमलं त्याचं श्रेय कराडकडच्या काळ्या रानाला. शाळा साडेतीन किलोमीटर, वाट उसाच्या फडांतून, आणि वडिलांची काळी जेंट्स सायकल. पावसाळ्यात ती माती मडगार्डमध्ये अशी बसायची की चाक फिरायचंच नाही. मग बाभळीची काडी घेऊन कोरायचं, दहा पावलं ढकलायची, परत कोरायचं, शेवटी कंटाळून दांडी खांद्यावर घ्यायची आणि बांधावरून चालू लागायचं. तू सांगलीचा, तुला हे वेगळं सांगायला नको. इथली माती तेवढी चिवट नाही, पण त्यात गवत मिसळलं की फोर्क आणि टायरच्या मधे काल्याचा गोळा बसतो. क्रॉसच्या सायकलीला तिथे जागा जास्त, तुझ्या जाड टायरला कमी. आठवडाभर पाऊस झाला असेल तर 2.25 ऐवजी दोन इंचाचा टायर चढव.

उतार, झाडांची मुळं, तिरका चिखल, तिथे तू वाकड्या हँडलवाल्यांना मागे टाकशील. सपाट गवतावर ते तुला गाठतील. पुढचे लोक तुला पूर्ण फेरीने ओलांडून जातील, कदाचित दोनदा. मागून हाक आली की घाबरून आडवा होऊ नकोस, आपली रेघ धरून चालव, ते वाट काढतात. पहिला आला की शर्यत सगळ्यांचीच संपते. तू ती फेरी पुरी केलीस की तुझीही झाली.

हसण्याचं म्हणशील तर हसतील. सगळ्यांनाच हसतात. चढाच्या कडेला लोक गाईच्या गळ्यातल्या असतात तसल्या घंटा वाजवत उभे असतात आणि जो सगळ्यात दमलेला, त्याला सगळ्यात जास्त ओरडा. गेल्या डिसेंबरात एकीने मला चालत्या शर्यतीत जिलेबीसारखं काहीतरी तळलेलं हातात दिलं. खाल्लं, आणि पुढच्या फळीला उजवा हात कामाचा राहिला नाही.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्या 24 इंची माउंटन बाइकवर ती मुलांच्या क्रॉसमध्ये उतरली तर चालेल का? की पुढच्या वर्षी चांगली सायकल घेऊन?
— एक आई, लेस्टर

उत्तर: याच रविवारी न्या. त्या वयाची कितीतरी मुलं माउंटन बाइकवरच येतात आणि शर्यत छोटी असते. ब्रेकची लिव्हर तिच्या बोटांना पोहोचते का ते आधी बघा, थंडीत बोटं आखडतात. फळ्यांपाशी मोठी माणसं मदतीला धावतात. तुम्ही धावू नका, तिला राग येईल. गाडीत मात्र जुनी चादर, कोरडे मोजे आणि थर्मासमध्ये काहीतरी गरम ठेवा. आणि सायकल धुवायच्या रांगेत तिलाच उभं करा.