राऊटर टेबल घरी करताय? लिफ्ट नंतर, आधी फळी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चिपळूणला लहानसं वर्कशॉप, काम मुख्यतः किचनच्या शटरचं (कपाटांच्या दारांचं), १६०० वॉटचा प्लंज राऊटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकडात खाचा मारणारं मशीन) आहे, तो उलटा खाली लटकवायचं तयार टेबल परवडत नाही. म्हणून १८ मिमी एमडीएफच्या फळीवर टेबल करायचं आणि राऊटर वर-खाली करायला बाहेरून लिफ्ट मागवायची, असा विचार.

टेबल घरी करा, बिनधास्त करा. पण एमडीएफ नको, आणि लिफ्टही आत्ता नको. ते पैसे राऊटर धरणाऱ्या प्लेटवर आणि चालू-बंदच्या स्टार्टरवर घाला.

माझं पहिलं टेबल १८ मिमी एमडीएफचंच होतं. भोसरीच्या शेडमध्ये, जिथे तुमच्यासारखा चार महिने धो धो पाऊस नाही, तिथे दोन पावसाळ्यांत मधोमध झोल पडला. सहा किलोचा राऊटर रात्रंदिवस लटकलेला, दुसरं काय होणार? झोल केवढा, तर वर सरळ पट्टी ठेवली की खालून सनमायकाचा तुकडा जेमतेम सरकायचा. म्हणजे १ मिमी. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण शटरच्या चौकटी जुळेनात. आखूड आडव्या पट्ट्या त्या खळग्यात उतरायच्या, लांब उभ्या पट्ट्या वरून पुलासारख्या जायच्या. बिटची उंची तीच, आणि खाचा दोन वेगळ्या मापाच्या. जोडावर नख अडकेल एवढी पायरी. मी आठवडाभर बिटला शिव्या घालत होतो.

आता फळी अशी करतो. १८ मिमीचे दोन बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारे) प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून, फेव्हिकॉलने एकावर एक. सुकताना सपाट जागेवर, खालून स्क्रू मारून. सनमायका दोन्ही बाजूंना. खालची बाजू कोण बघतंय म्हणून सोडाल, तर फळी एका अंगाला वाकणार. कापलेल्या सगळ्या कडांना, विशेषतः प्लेटसाठी मध्ये कापलेल्या चौकोनाच्या आतून, वॉर्निश पाजा. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना खालून सागाच्या ७५ मिमी उंचीच्या पट्ट्या उभ्या लावा. ८०० × ६०० मिमी माप शटरला पुरतं. उंची ९०० च्या आसपास ठेवा. नेहमीच्या बाकाएवढं खाली केलंत तर दिवसभर वाकून कंबर जाईल.

प्लेट ॲल्युमिनियमची, ८ मिमी, साधारण ३०० × २३०. ॲक्रिलिक दिसायला छान, पण वजनाने हळूहळू बसतं. राऊटरची मूळ प्लास्टिक बेस काढा, तीच टेम्प्लेट म्हणून चिकटवा आणि भोकं पाडा. फळीतली खाच प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जास्त खोल घ्या, १५ मिमीचा ओटा सोडा आणि चार कोपऱ्यांत एम ६ चे ग्रब स्क्रू देऊन प्लेट वर उचलून लेव्हल करा. तपासायला एक लाकडी ठोकळा दोन्ही दिशांनी सरकवा. कुठेही अडता कामा नये.

उंचीसाठी जुन्या बाजारातून मारुतीचा कात्री जॅक आणा. राऊटरच्या प्लंजच्या स्प्रिंगा काढून ठेवा, नाहीतर तुम्ही जॅकने वर ढकलणार आणि स्प्रिंगा राऊटर खाली लोटणार. जॅकची एक खोड आहे: एका फेऱ्यात तो किती उचलेल हे उंचीप्रमाणे बदलतं, म्हणून फेरे मोजत बसू नका, बिटजवळ पट्टी धरून मोजा. शेवटचं सेटिंग नेहमी वर नेऊन करायचं, खाली आणून नाही, आणि मग प्लंजची कडी घट्ट. मी चार वर्षं याच जॅकवर काम केलं.

गाईड, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी, तिच्याबद्दल लोक उगाच घाबरतात. ती टेबलाच्या कडेला समांतर असायची काहीच गरज नाही, कारण बिट गोल आहे. एक टोक बोल्टवर फिरतं ठेवा, दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. बिट बरोबर मध्ये असेल तर क्लॅम्पकडचं टोक १ मिमी हलवलं की बिटपाशी अर्धा मिमी फरक पडतो. बारीक सेटिंग फुकटात. मात्र गाईड टेबलाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, उभी पाहिजे, तिथे तडजोड नाही. मागे भुशासाठी खोका करून व्हॅक्यूमचा पाइप जोडा. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं, आणि बिट व गाईडच्या मधून पट्टी कधीही घालायची नाही. ती हातातून बाणासारखी सुटते.

आता स्टार्टर. टेबलाखालच्या राऊटरचं बटण लॉक करून ठेवावं लागतं. आमच्याकडे एकदा लाईट गेली, पोरगा बिट बदलायला वाकला, प्लग तसाच, आणि लाईट आली. बोटं वाचली ती निव्वळ पाना हातातून आधीच पडला म्हणून. तेव्हापासून हिरव्या-लाल बटणाचा डीओएल (डायरेक्ट ऑन लाईन) स्टार्टर. लाईट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. दुकानात सिंगल फेजचा, २४० व्होल्टच्या कॉईलचा मागा. न सांगता मागितलात तर ४१५ ची कॉईल गळ्यात पडू शकते. लाल बटण गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर बसवा. बिट बदलताना प्लग तरीही काढायचाच.

शटरच्या पॅनलचे मोठे बिट घेणार असाल तर आधी तुमच्या राऊटरला वेग कमी करायची चकती आहे का ते बघा. ८० मिमीच्या बिटची कड मिनिटाला २२,००० फेऱ्यांना ताशी ३३० किमीच्या पुढे धावते. तो १०,००० च्या आसपासच चालवायचा. चकती नसेल तर तो बिट विसरा. पंख्याच्या रेग्युलेटरचा जुगाड तर नकोच.

आणि कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा धरणारी पकड, मोजा. आपल्याकडे १२ मिमीची येते, पण बाजारातले बरेच बिट चार सुती, म्हणजे १२.७ चे. १२ चा दांडा १२.७ च्या कॉलेटमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि काम करताना वर सरकत येतो. तुमची कुठली आहे ते कळवा, मग कोणते बिट घ्यायचे ते सांगतो.