रायफल तुझ्या मापाची करून घे

तुला लहान कॅलिबरच्या, म्हणजे बारीक नळीच्या रायफलींचं वेड लागलंय आणि तशी एक स्वतः घडवायची आहे, हे तुझ्या पत्रात वाचून खूप बरं वाटलं. पण वाइल्डकॅट, म्हणजे कारखान्यात न बनणाऱ्या, हौशी लोकांनी स्वतः घडवलेल्या काडतुसांच्या रायफली घडवणं हा अमेरिकेतला छंद. आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊच नकोस. ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलमध्ये तुझी सगळी हौस भागेल. १० मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो!

आधी चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) तुझ्या मापाला जुळव. मान न वाकवता डोळा नेम धरायच्या साइटमागे यायला हवा. मग डोळे मिटून रायफल लक्ष्याकडे धर आणि डोळे उघडून बघ. नेम बाजूला सरकला असेल तर हाताने ओढू नकोस, पाय हलव. माझ्या मते महागड्या बॅरलपेक्षा याने गुण जास्त वाढतात.

छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात, ती छर्ऱ्याच्या डोक्याची मिलिमीटरमधली जाडी. रायफल टेकूवर ठेवून प्रत्येकाचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका काढ, सर्वांत लहान ग्रुप देणारा छर्रा तुझा.

मनाच्या तयारीसाठी आपल्या नाशिकच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांचं लेखन जरूर वाच. आणि छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.