आईला डायबेटिसमुळे डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय, पण ती भीतीने तारीख पुढे ढकलतेय. काय करावं?

आधी तिला हे सांगा: सुई समोरून येताना दिसत नाही. वर किंवा बाजूला बघायला सांगतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात टोचतात. सुई केसासारखी बारीक, औषध जेमतेम ०.०५ मिली, काम काही सेकंदांचं. ‘पापणी मिटली तर?’ ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. पापण्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे मिटणारच नाहीत. बधिर करणारे थेंब आधीच घालतात. टोचताना दाब जाणवतो.

खरा त्रास बहुधा संध्याकाळी होतो, आणि तो सुईचा नसून जंतुनाशक आयोडीनचा असतो: डोळा चुरचुरतो, वाळू गेल्यासारखं वाटतं. हे आधी माहीत नसलं की पेशंट घाबरतो आणि पुढचं इंजेक्शन चुकवतो. इंजेक्शन झालं की तिथल्या स्टाफला आयोडीन नीट धुवायला सांगा. घरी घालायला ल्युब्रिकंट (डोळा ओलसर ठेवणारे) थेंब विचारून घ्या.

इंजेक्शनच्या वेळी चेहऱ्यावर घालतात त्या कापडाने गुदमरत असेल तर आधीच सांगावं, कापड नाकावरून उचलून धरता येतं. नर्सला हात धरायला सांगायला संकोच नको. उपाशी राहायची सहसा गरज नसते; नाश्ता आणि शुगरच्या गोळ्यांचं मात्र हॉस्पिटलला विचारा.

नंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग किंवा नजरेसमोर तरंगणारे काळे ठिपके दिसले तर सहसा घाबरायचं कारण नाही. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, नजर अंधुक झाली, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही डोळ्यातल्या इन्फेक्शनची लक्षणं असू शकतात; ते दुर्मिळ आहे, पण तासातासाला नुकसान करतं.