नवलकोलाचं लाकूड का झालं?

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच गच्चीत नवलकोल लावला. गड्डा उघडा राहू नये म्हणून मुळ्यासारखी वरपर्यंत माती चढवली आणि मोठा व्हावा म्हणून अडीच-तीन महिने थांबले. कापला तर आत नुसत्या दोऱ्या! शिवाय मला थायरॉईडची गोळी चालू आहे. सासूबाई म्हणतात, कोबीच्या जातीचं काही खायचं नाही. एवढा खटाटोप करून लावलेला नवलकोल मी खायचाच नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खा की! पण आधी त्या मातीचं बोलू. नवलकोल हा कंद नव्हे, फुगलेलं खोड आहे. म्हणून तर पानांचे देठ थेट गड्ड्यातून फुटलेले दिसतात. तो मातीच्या वर, उघड्यावरच वाढायला हवा. मातीत दडपला की खालून कुजण्याची भीती.

दुसरी चूक हावरेपणाची, आणि ती मीही केली आहे. एका वर्षी नारळाएवढा झालेला गड्डा मी शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवत होते. रात्री विळीवर धरला तर करकर करत पातंच अडकलं. रोप लावल्यापासून 50-60 दिवसांत, गड्डा लिंबापेक्षा मोठा आणि टेनिसच्या चेंडूएवढा झाला, की काढायचाच. पाणी मात्र रोज बेताचं द्या. चार दिवस कोरडं ठेवून एकदम बदाबदा ओतलं की गड्डे तडकतात.

पुढच्या खेपेला सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाका, रोपं चार पानांची झाली की हलवा. बारा इंची कुंडीत दोनच रोपं, तिसऱ्याचा मोह नको. पानांना बारीक भोकं दिसली तर पान उलटं करून बघा. बोट लावताच वळवळत धाग्याला लोंबकळणारी फिकट हिरवी अळी असेल. मी सकाळी चहाच्या आधी त्या वेचून काढते. फारच झाल्या तर निंबोळी अर्क फवारते.

आता भाजी. साल सुरीने जाड काढा, बुडाकडून ओढली की शिराही निघतात. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, मग दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि नवलकोलाच्या फोडी. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्या, शेवटी मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं. कोवळी पानं चिरून त्यातच टाका. काश्मिरात तर पानांसकट गड्डा शिजवतात, आपल्याकडे भाजीवाला पानं मोडून फेकतो याचं मला नेहमी वाईट वाटतं. आमच्याकडे रविवारी डाळीऐवजी सोडे पडतात, ते वेगळंच सुख.

थायरॉईडचं म्हणाल तर सासूबाईंची भीती अगदीच हवेतली नाही. या कुळातल्या भाज्यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. पण त्रास व्हायला कच्ची भाजी रोज भरपूर खावी लागेल, तीही आयोडीन कमी पडत असताना. शिजवल्यावर तो परिणाम बराच उतरतो. घरात आयोडीनचं मीठ असेल तर आठवड्यातून एक-दोनदा वाटीभर शिजवलेली भाजी खायला सहसा हरकत नसते. गोळी मात्र नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटीच घ्या आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारी गोळी घेणारं कुणी घरी असेल तर पानांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा, पानांत के जीवनसत्त्व पुष्कळ असतं.

घरच्या बाकीच्यांना किसून दह्यातली कोशिंबीर द्या. कच्च्या 100 ग्रॅम नवलकोलात साधारण 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि शिजवताना त्यातलं बरंच जातं.

आणि ते लाकूड झालेले गड्डे लगेच फेकू नका. दोऱ्या बुडाकडून धरतात. वरचा पानांकडचा भाग कापून सुरीचं टोक खुपसून बघा. सहज शिरलं तर तेवढा सांबारात जाईल.