खड्ड्याबद्दल बोललं की ते राजकारण कसं?

प्रश्न : आमच्या कॉलनीत डांबरी रस्ता झाला आणि थोड्याच दिवसांत पाइपलाइनसाठी तोच खोदला. नुसती माती टाकून गेले. सासूबाई तिथेच पाय मुरगळून पडल्या. ऑनलाइन तक्रार केली तर ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला, खड्डा आहे तिथेच आहे! सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं तर अ‍ॅडमिन म्हणाले, इथे राजकारण नको. मग साध्या माणसाने करायचं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंच्या पायाला आता आराम आहे ना? खड्ड्यापेक्षा मला त्या मेसेजचा जास्त राग आला. काम राहिलं तर समजू शकतो, पण न केलेलं काम केलं म्हणून कळवायचं म्हणजे समोरचा माणूस बघायला येणारच नाही हे गृहीत धरलेलं असतं.

आणि ही सवय लागायला कारण आहे. आपल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकांकडे. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेतच लिहिलंय, तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात सगळं लटकलं आणि शेवटी सुप्रीम कोर्टाला मुदत घालून द्यावी लागली. या काळात पाणी, गटार, रस्ता, कशासाठी कुणाला गाठायचं तेच लोकांना कळेना. वाईट याचं वाटतं की आपणही फार ओरडलो नाही.

आता नगरसेवक आलेत, 31 प्रभागांत 122. बहुतेक प्रभागांत चार-चार. 2011 च्या जनगणनेत शहर 14 लाख 86 हजारांचं होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेही एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं, आता तर किती वाढली असतील. चौघांत जबाबदारी कुणाची हे ठरलेलं नसतं आणि ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते.

अ‍ॅडमिनसाहेबांचं मी समजू शकतो. आपल्याकडे राजकारण म्हटलं की पक्ष, नेते, एकमेकांची आई-बहीण काढणं, ग्रुप सोडून जाणं. ते नकोच. पण रस्ता कुणी खोदला, परवानगी कुणी दिली, पूर्ववत करायचे पैसे कुठे गेले हे शेजाऱ्यांनी मिळून, आवाज न चढवता आणि न थकता विचारणं हेही राजकारणच आहे ना, आणि नेमकं तेच आपण सोडून दिलंय. 2025 च्या अखेरीस तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडं तोडायचं ठरलं तेव्हा कॉलेजची पोरं, आजोबा, वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं एकत्र उभी राहिली, त्यामुळे तो विषय राज्यभर गेला. सिंहस्थ 2027 मध्ये आहे, तोवर शहरात खोदकाम चालूच राहणार, तेव्हा ही सवय आताच लावून घेऊ या.

तुमच्यापुरतं सांगतो. खड्ड्याचा तारखेसकट फोटो काढा, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा आणि माहिती अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मागायचं काय, तर रस्त्याची वर्क ऑर्डर, खोदाईची परवानगी, मोजमाप पुस्तिकेची (प्रत्यक्ष किती काम झालं त्याची नोंदवही) प्रत आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामाच्या हमीचा काळ, किती ते. त्या कालावधीत रस्त्याच्या कामातच दोष निघाला तर ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो, आणि तुमच्यासारखा खोदून ठेवला असेल तर परवानगीच्या कागदात पूर्ववत कुणी करायचा ते सापडतं. फार कमी लोकांना माहितीय, पण याच कायद्यात कामाची स्वतः पाहणी करायचा आणि वापरलेल्या मटेरियलचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. कायद्यात अर्ज एका नागरिकाच्या नावाने असतो, म्हणून एकट्या तुम्हीच नका टाकू, शेजारच्या तीन-चार घरांतूनही तसेच अर्ज जाऊ द्या, मग कुणा एकीवर दबाव येत नाही.

दुसरं म्हणजे प्रभाग समिती. तिच्यावर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात, तुमच्या भागात कोण आहेत ते विचारा. 2009 पासून कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, गावात ग्रामसभा असते तशीच, पण अशा सभेला जाऊन आलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. ती भरवा म्हणून लेखी मागणी करा. आणि नगरसेवकांना भेटायचं तर सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी कॉलनीत बोलवा, वेगवेगळं भेटलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.